पुण्याच्या वर्गातून इंग्लंडच्या वर्गात: पहिल्या अर्ध्या सत्रापुरतं मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांची चणचण आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या माध्यमिक शिक्षकांनाही तिथली शिक्षक-पात्रता, म्हणजे क्यूटीएस, थेट अर्ज करून मिळवता येते. तेव्हापासून पुण्यातल्या ओळखीच्या, अनोळखी शिक्षकांचे फोन येत असतात: "मॅडम, खरंच जमतं का हो?" जमतं. मी स्वतः पुण्यात मराठी आणि सेमी-इंग्रजी वर्गांना गणित शिकवत होते, आता इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत शिकवते.

हे मार्गदर्शन कागदपत्रांपासून ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या सुट्टीपर्यंतचं आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडते आणि साधारण सात आठवड्यांनी ही सुट्टी लागते. त्या सात आठवड्यांत तिथल्या मुलांबद्दल, सहकाऱ्यांबद्दल आणि स्वतःच्या शिकवण्याबद्दल तुमचं जे मत होईल, ते धरून कुठलाही मोठा निर्णय करू नका. त्या काळात करायची कामं वेगळी आहेत.

पायरी पहिली: कागद पुण्यातच पुरे करा

क्यूटीएससाठी पदवी, बी.एड. आणि निदान एका शालेय वर्षाचा अनुभव लागतो. भारतीय शिक्षकांसाठी ही वाट ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. अर्जाला फी नाही. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून कुणाच्या व्हिडिओवर विसंबू नका, ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचं पान स्वतः वाचा. जुन्या व्हिडिओंत १०,००० पौंड स्थलांतर-भत्त्याचा उल्लेख हमखास असतो. ती योजना २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन शैक्षणिक वर्षांपुरती होती, ते पैसे हिशेबात धरू नका.

आपल्याकडे घोळ होतो तो नावांचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पदवीवर माहेरचं नाव, बी.एड.वर सासरचं, आणि पासपोर्टवर तिसराच क्रम. तिथल्या कारकुनाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र इंग्रजीत काढून घ्या. ते नसेल तर नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

दुसरी अडचण शिफारशींची. इंग्लंडमधली शाळा तुमच्या सध्याच्या मुख्याध्यापकांना स्वतः ईमेल करते आणि उत्तर थेट त्यांच्याकडूनच मागते. उमेदवाराने आणून दिलेलं बंद पाकीट चालत नाही. आपल्या कितीतरी शाळांचा कारभार साध्या जीमेलवर चालतो आणि तो बघणारे क्लार्क दिवाळीच्या सुट्टीत असतात. म्हणून मुख्याध्यापकांना आधी सांगा, शक्य असेल तर संस्थेच्या नावाचा ईमेल वापरायला सांगा. अनुभव-प्रमाणपत्रात विषय, इयत्ता, पूर्णवेळ होतात की तासिका तत्त्वावर, आणि नेमक्या तारखा हव्यात. "वर्तणूक चांगली व मनमिळाऊ स्वभाव" या ओळीचा तिथे काही उपयोग नाही. मधल्या काळात नोकरी नसेल, बाळंतपण असेल, सासऱ्यांचं आजारपण असेल, तर ते स्पष्ट लिहा. मुलांसोबत काम करणाऱ्याच्या आयुष्यातला प्रत्येक रिकामा महिना ते विचारतातच, त्यात तुमच्यावर संशय नसतो.

बाकी कामं सरळ आहेत: विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आणि इंग्रजी माध्यमाचं पत्र, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स, मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

पायरी दुसरी: पैशांचा हिशेब

नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेणं ब्रिटनमधल्या एजन्सीला कायद्याने मना आहे. शाळा एजन्सीला पैसे देते, तुम्ही द्यायचे नसतात. "रजिस्ट्रेशनचे अमुक लाख" असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा. खरा खर्च व्हिसाचा, आणि त्यातही आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायच्या रकमेचा. तो प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड असतो आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. नवरा-बायको मिळून जाणार असाल तर हा आकडा आधी कागदावर मांडा, मग घरच्यांना सांगा.

पगाराबद्दल: लंडनबाहेर क्यूटीएस असलेल्या नवख्या शिक्षकाची राष्ट्रीय वेतनश्रेणी सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंडांनी सुरू होते. कर, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठीची सरकारी कपात) आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता वजा जाता महिन्याला हातात साधारण २,१०० पौंड येतात. त्याला रुपयांच्या भावाने गुणून पुण्यात घराचा हप्ता ठरवू नका. तिथलं घरभाडं, कौन्सिल टॅक्स (तिथल्या नगरपालिकेचा घरावरचा कर), थंडीतलं गॅसचं बिल आणि बसचा पास यांत त्यातला मोठा भाग संपतो. तुमचा दहा वर्षांचा अनुभव असेल तर वरच्या पायरीवर घ्याल का, हे ऑफर स्वीकारायच्या आधी विचारायचं. विचारण्यात भीड कसली? स्वीकारल्यावर मात्र ती दारं जवळजवळ बंद होतात. पहिला पगार सप्टेंबरच्या अखेरीला येतो, तोवरची बेगमी सोबत हवी.

पायरी तिसरी: बॅग

भारतातून ब्रिटनमध्ये जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातही नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, आंबाबर्फी, खव्याचं सगळं इथेच ठेवायचं. आईला हे पटणार नाही, ती डबा कपड्यांच्या घडीत सरकवेल. तो काढून ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, बाकरवडी खुशाल न्या. डाळ-तांदळाने वजन भरू नका, ते लेस्टर-वेम्ब्लीसारख्या भारतीय वस्तीच्या भागांत कोपऱ्यावर आणि इतरत्र मोठ्या दुकानांत मिळतात.

लक्ष्मी रोडवरून जाड स्वेटर घेऊन जाण्यापेक्षा कोट आणि बूट तिथेच घ्या. चष्म्याचे दोन जोड, दातांची राहिलेली कामं आणि नेहमीच्या गोळ्यांची इंग्रजी चिठ्ठी मात्र इथूनच करून जा. सरकारी दरातला दंतवैद्य तिथे सहज मिळत नाही.

पायरी चौथी: उतरल्यावर

निदान दहा दिवस आधी पोचा. पहिला महिना खोली भाड्याने घ्या, स्वतंत्र घर नंतर. शाळेजवळचा भाग दुपारी तीनला वेगळा दिसतो आणि रात्री आठला वेगळा, तो बघूनच करार करा. इंग्लंडमध्ये बहुतेक भाडेकरारांना अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत जमा करावी लागते. तशी पावती मागा. पुण्यातल्या "दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं दलालाला" या सवयीमुळे आपण जास्त पैसे निमूटपणे देऊन टाकतो. दलाली भाडेकरूकडून घेण्याची पद्धत तिथे नाही.

व्हिसा आता डिजिटल आहे. घरमालकाला आणि शाळेला ऑनलाइन खात्यातून काढलेला शेअर कोड द्यायचा असतो, म्हणून पासवर्ड आणि खात्याला जोडलेला फोन नंबर जपा. पुण्याचं सिम बंद पडलं आणि कोड त्याच नंबरवर येतोय, अशी पंचाईत ओढवून घेऊ नका. मग बँक खातं, नॅशनल इन्शुरन्स नंबरचा अर्ज, आणि जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी. जीपीची नोंदणी आजारी पडायच्या आधी करायची, ती फुकट असते.

पायरी पाचवी: वर्गात

शाळा उघडताना आधी एक-दोन दिवस मुलांविना प्रशिक्षणाचे असतात. त्यात तुम्हाला लॅपटॉप, ओळखपत्र, वेळापत्रक आणि वर्तन-धोरण मिळेल. इतर सगळं वाचायला वेळ नाही मिळाला तरी चालेल, वर्तन-धोरण मात्र पाठ करा. पहिली सूचना कधी, दुसरी कधी, जागा बदलायची कधी, डिटेन्शन (शिक्षा म्हणून मुलाला थांबवून ठेवणं) किती मिनिटांचं, वर्गाबाहेर काढायचं असेल तर कुणाला बोलवायचं, हे सगळं त्यात पायऱ्या-पायऱ्यांनी लिहिलेलं असतं.

याचं कारण पहिल्याच आठवड्यात कळतं. तुम्ही वर्गात शिरता तेव्हा कुणी उभं राहत नाही. उलट बऱ्याच शाळांत मुलंच तासागणिक खोल्या बदलतात आणि शिक्षकाने दारात उभं राहून त्यांना आत घ्यायचं असतं. "हे आपल्याला कशाला शिकायचंय?" असं चौदा वर्षांचा मुलगा तोंडावर विचारतो. एखादी मुलगी पेन खाली ठेवून "मी नाही करणार" म्हणते आणि खरंच करत नाही. पुण्यात साठ जणांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या शिक्षिकेला पुढे तीसच मुलं असूनही घाम फुटतो. आपला दरारा तिथे उतरतच नाही, कारण तो फक्त आपल्या आवाजात नव्हता. शाळेचं नाव, पालकांचा धाक, दहावीची भीती आणि "सर आलेत" म्हणणारा मॉनिटर, असं बरंच काही त्याच्यामागे होतं. इंग्लंडमध्ये त्याची जागा धोरण आणि सातत्याने घेतली आहे. म्हणून आवाज चढवायचा नाही. सूचना द्या, नाव नोंदवा, ठरलेली शिक्षा ठरल्या वेळी करा, आणि पुढच्या तासाला त्याच मुलाला काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने नमस्कार करा. डिटेन्शन लावलं आणि स्वतःच गेला नाहीत, तर तो वर्ग नाताळपर्यंत हाताला लागत नाही.

त्याच मुलांबद्दल हेही सांगते: तास संपल्यावर दारातून बाहेर पडताना निम्मी मुलं "थँक यू, मिस" म्हणतात. ज्याने अर्धा तास छळलं तोही म्हणतो. लग्न झालेलं असो वा नसो, शिक्षिका "मिस" आणि शिक्षक "सर".

नावाची यादी पहिल्याच दिवशी फोटोसकट मिळते. तिच्यावरून आसनव्यवस्था तुम्ही ठरवा, मुलांना ठरवू देऊ नका. यादीत काही मुलांच्या पुढे विशेष गरजांच्या खुणा असतात: कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मोठ्या अक्षरांतला कागद द्यायचा, कुणाला मध्येच बाहेर जायची परवानगी आहे. या नोंदी पाळणं बंधनकारक असतं. तुमच्या वर्गात मदतनीस असेल तर तासाआधी दोन मिनिटं तिच्याशी बोला. त्या मुलांना ती तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखते.

आता गणिताचं. बालभारतीच्या पुस्तकाची सवय असलेल्या माणसाला मोठा धक्का म्हणजे कितीतरी शाळांत मुलांच्या हातात पाठ्यपुस्तकच नसतं. विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये स्लाइड आणि कागद असतात, त्यांवर तास चालतो. पहिल्या अर्ध्या सत्रात तेच वापरा. स्वतःचं सुंदर साहित्य रात्री एक वाजेपर्यंत बनवत बसू नका. तास सुरू होताच फळ्यावर चार-पाच उजळणीचे प्रश्न असायलाच हवेत, मुलं आत येऊन लगेच त्यांना लागतात. उत्तरं छोट्या पांढऱ्या पाट्यांवर एकदम वर करून दाखवायची पद्धत मला फार आवडली. तिसांपैकी किती जणांना कळलंय ते एका नजरेत दिसतं.

इयर सेव्हन म्हणजे आपली सहावी, इयर इलेव्हन म्हणजे दहावी. दहावीला जीसीएसई, म्हणजे तिथली बोर्डाची परीक्षा. बहुतेक शाळांत गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी ८० गुणांचे, दीड तासाचे. पहिल्यात कॅल्क्युलेटर नाही, उरलेल्या दोन्हींत चालतो. आपल्या बीजगणित-भूमितीच्या वेगळ्या पेपरांसारखी विभागणी नाही. श्रेणी ९ ते १, पण सगळ्यांना एकच पेपर नसतो. सोप्या फाउंडेशन पेपरला जास्तीत जास्त ५ मिळू शकतो. प्रमेयाच्या सिद्धतेत आपली मुलं पुढे असतात, पण तिथल्या शब्दबंबाळ, व्यवहारातल्या प्रश्नांची धाटणी वेगळी असते. जुने पेपर संकेतस्थळांवर फुकट मिळतात. निघायच्या आधी दहा पेपर स्वतः सोडवून बसा, बाकी कुठल्याही तयारीपेक्षा हे कामी येतं. आणि फळ्यावर मोठी संख्या लिहिताना स्वल्पविराम दर तीन अंकांनी. हात आपोआप लाख-कोटीकडे वळतो.

उच्चारांवरून मुलं नक्कल करतील. सगळ्यांच्याच करतात, स्कॉटिश शिक्षकाचीही. वेग कमी करा, महत्त्वाचे शब्द फळ्यावर लिहा, सूचना दिल्यावर एका मुलाला ती पुन्हा सांगायला लावा. आडनाव अवघड असेल तर पहिल्या दिवशी फोडून लिहा आणि नीट म्हणायला शिकवा. "मिस के"वर समाधान मानू नका. आपण त्यांची पोलिश, सोमाली नावं शिकतोच ना.

पायरी सहावी: अंतर

हा भाग छोटा आहे, पण यात चूक झाली तर नोकरी जाते. मुलाच्या खांद्यावर, पाठीवर हात नाही. कौतुकानेही नाही. एकट्या मुलासोबत बंद दारामागे बसायचं नाही. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, इन्स्टाग्रामवर जोडायचं नाही, स्वतःच्या फोनवर वर्गाचा फोटो काढायचा नाही. पुण्यात वर्गशिक्षिकेचा पालकांसोबत व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि रात्री अकराला "उद्या कुठली वही?" येतं. तिथे पालकांशी बोलणं शाळेच्या फोनवरून आणि शाळेच्या ईमेलवरूनच.

एखादं मूल घरच्या मारहाणीबद्दल किंवा उपाशी असल्याबद्दल बोललं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ऐका, खोदून विचारू नका, त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि शाळेच्या सेफगार्डिंग प्रमुखाला, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला, त्याच दिवशी द्या. आपल्याकडे शिक्षिका अशा वेळी आईला बोलावून घेते, समजूत घालते. चांगल्या मनाने केलेलं तेच काम तिथे गंभीर चूक ठरतं.

पायरी सातवी: स्टाफरूम

पुण्यातल्या मधल्या सुट्टीत पाच डबे उघडतात आणि कुणाची भाजी कुणी खाल्ली ते कळत नाही. तिथे अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धे लोक आपल्या खोलीत सँडविच खात मेल वाचत असतात. हे तुमच्याविषयी नाही. वर्षाचे १९५ दिवस आणि १,२६५ तास असा त्यांचा कामाचा करार मोजून बांधलेला असतो, आणि वह्या तपासणं त्यात मावत नाही. मुख्याध्यापकांनाही सहकारी पहिल्या नावाने हाक मारतात. जीभ अडखळते, पण मारा. मुलांसमोर मात्र सगळे मिस आणि सर.

विभागप्रमुखांकडे आठवड्यातून एकदा ठरवून पंधरा मिनिटं मागा. "मला इयर नाइन आवरत नाहीये" असं बोललात तर ते तुम्हाला कच्चे समजणार नाहीत. गप्प राहिलात आणि ऑक्टोबरात वर्ग हाताबाहेर गेला, तर मात्र विचारतील की आधी का नाही सांगितलं. तुमचे विद्यार्थी दुसऱ्या कुणाच्या तासाला कसे वागतात ते मोकळ्या तासात जाऊन बघा. न विचारता तुमच्या वर्गातही लोक पाच मिनिटं डोकावून जातील, तिकडे तो रोजचा प्रकार आहे.

रजेचं आधीच घरी सांगा. सत्र चालू असताना चुलतभावाच्या लग्नाला, मुंजीला, वास्तुशांतीला रजा मिळत नाही. गणपती नेमके शाळा उघडायच्या सुमारास येतात, तेव्हा मन लागणार नाहीच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, इतर शहरांतही मराठी मंडळी आहेत. शनिवार-रविवारच्या आरतीला जा, चार फोन नंबर घेऊन या. डिसेंबरात पुण्याला यायचं असेल तर तिकीट सप्टेंबरातच काढा.

पायरी आठवी: ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं. पुण्याशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं. म्हणजे चारला शाळेतून निघताना केलेला फोन आता साडेआठऐवजी साडेनऊला पोचतो. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, उजेडात घरी पोचणं शनिवार-रविवारपुरतंच उरतं. दुपारी दहा मिनिटं तरी बाहेर चालून या.

याच दिवसांत एक तारीख येते. सरकारी शाळांच्या प्रचलित करारानुसार डिसेंबरअखेर नोकरी सोडायची असेल तर राजीनामा ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. म्हणजे शरीर दमलेलं, इयर नाइन डोक्यावर बसलेलं, दिवाळी जवळ आलेली, आणि त्याच आठवड्यात "परत जावं का" हा प्रश्न. त्यात शाळा सोडली की व्हिसाही धोक्यात येतो: व्हिसाची हमी घेणारी नवी (पुरस्कर्ती) शाळा शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. या तारखेला सही करू नका. पुढची तारीख फेब्रुवारीअखेरची आहे, तेव्हाही तेच वाटत असेल तर खुशाल लिहा. अपवाद एकच. शाळा करारातला पगार देत नसेल, किंवा ठरलेलं काम सोडून भलतंच करायला लावत असेल, तर थांबू नका. शिक्षक संघटनेत नाव नोंदवलेलं असलं की तिच्याकडे जाता येतं, म्हणून ती नोंदणी सप्टेंबरातच करून ठेवा.

सुट्टीचे पहिले दोन दिवस झोपण्यात जातील, जाऊ द्या. मग प्रत्येक वर्गाची यादी पुढे घ्या आणि कोण कुणाशेजारी बसून बिघडतंय ते लिहा. सुट्टीनंतर आसनव्यवस्था नव्याने लावणं तिथे रीतच आहे, मुलं कुरकुरतात आणि बसतात. आसनांचे नकाशे घरीच तयार करून ठेवा. पहिल्या सोमवारी सकाळी झेरॉक्स मशीनपुढे रांग असते, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यात कागद अडकतोच.